कार्ड न घेणाऱ्या परदेशी घरांचा विसार बेळगावातून पाठवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतली पुष्कळ मुले आता उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जातात आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांचे आई-वडील त्यांना भेटायला निघतात. मुलाची खोली लहान असते, वसतिगृहात पाहुण्यांना फार दिवस राहता येत नाही आणि शहरातल्या हॉटेलांचे दर ऐकूनच छातीत धस्स होते. मग तो मुलगाच एखाद्या खेड्यातले घरगुती मुक्कामाचे ठिकाण शोधून काढतो: दोन खोल्या, स्वतःचे स्वयंपाकघर, बाहेर सफरचंदाची झाडे. सगळ्यांना पसंत पडते, पत्रव्यवहार होतो आणि शेवटी घरमालकीणबाईंचे पत्र येते की आम्ही क्रेडिट कार्ड घेत नाही, एकूण भाड्याच्या वीस टक्के रक्कम दहा दिवसांच्या आत खालील बँक खात्यावर जमा करावी, म्हणजे आरक्षण पक्के धरू. घरातली चर्चा इथून सुरू होते.

मी उद्यमबागेतल्या एका निर्यातदार कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो. परदेशी बँकांशी रोजचा संबंध असल्यामुळे नात्यातले आणि ओळखीतले लोक असे पत्र घेऊन माझ्याकडे येतात. काहींना ही उघड फसवणूक वाटते, तर काहींना लगेच पैसे पाठवून मोकळे व्हायचे असते. मला दोन्ही टोके पटत नाहीत. कार्ड न घेणे हा त्या घराचा दोष नाही, पण बँकेतून गेलेला पैसा परत बोलावता येत नाही. म्हणून जी काही चौकशी करायची ती पैसे पाठवण्याच्या आधी, कसून आणि लेखी करायची, हे माझे ठाम मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हे लिहीत आहे.

आधी त्या घरमालकीणबाईंची बाजू समजून घेऊ. कार्ड घ्यायचे म्हणजे यंत्राचे भाडे आले, प्रत्येक व्यवहारामागे कमिशन आले आणि हे सगळे वर्षातल्या मोजक्या महिन्यांत येणाऱ्या पाहुण्यांसाठी. उलट युरो वापरणाऱ्या देशांत बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याची सेपा नावाची एकच व्यवस्था आहे आणि तिच्यातून फ्रान्समधला पाहुणा जर्मनीतल्या घराला देशांतर्गत व्यवहाराच्याच खर्चात, बहुतेक वेळा विनाशुल्क, पैसे पाठवतो. त्यांच्या नेहमीच्या पाहुण्यांना ही दोन मिनिटांची गोष्ट असते. भारतातून तीच रक्कम पाठवायला अर्ज, शिक्का आणि शाखेची फेरी लागते याची त्यांना कल्पनाही नसते, त्यामुळे दहा दिवसांची मुदत त्यांना उदार वाटते आणि आपल्याला अपुरी पडते. आपली अडचण स्पष्ट कळवून मुदत वाढवून मागितली तर ती सहसा मिळते, असा माझा अनुभव आहे.

आता चौकशीविषयी. जमिनीच्या व्यवहारात संचकार, म्हणजे विसार, देण्याआधी आपण सात-बारा काढतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. इथेही तेवढेच करायचे असते, फक्त साधने वेगळी आहेत. जर्मनीत व्यवसायाच्या प्रत्येक संकेतस्थळावर चालवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि संपर्क देणे कायद्याने बंधनकारक आहे; ते पान उघडावे आणि तिथले नाव, पत्रावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव ही तिन्ही एकच आहेत का ते पाहावे. पर्यटक येतात अशा बहुतेक गावांत नगरपालिकेचे किंवा पंचायतीचे पर्यटन माहिती कार्यालय असते. त्यांना साध्या इंग्रजीत पत्र लिहून अमुक घर तुमच्याकडे नोंदलेले आहे का, असे विचारले की बहुधा उत्तर येते, आणि हे उत्तर मला दहा छायाचित्रांपेक्षा जास्त भरवशाचे वाटते. इटलीत तर २०२५ पासून अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत दाखवावा लागतो. तो नसेल तर आधी तो मागावा.

खाते क्रमांक स्वतःच एक पुरावा असतो, याकडे मात्र फार कमी लोकांचे लक्ष जाते. युरोपात खाते आयबॅन या पद्धतीने लिहितात. जर्मनीचा आयबॅन २२ अक्षरांचा असतो: सुरुवातीला डी आणि ई ही देशाची दोन अक्षरे, मग पडताळणीचे दोन आकडे, त्यापुढे बँकेचा आठ आकडी क्रमांक आणि शेवटी दहा आकडी खाते. मधले आठ आकडे वेगळे काढून शोधले की बँकेचे नाव कळते. घर ब्लॅक फॉरेस्टमधल्या खेड्यात असेल आणि खाते त्याच जिल्ह्यातल्या बचत बँकेत निघाले, तर मनाला बराच धीर येतो; घर जर्मनीत आणि खाते भलत्याच देशातले असेल, तर लगेच चोर म्हणू नये, कारण हल्ली अनेक जण दुसऱ्या देशातल्या ऑनलाइन बँका वापरतात, पण कारण विचारल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. आरक्षणाच्या मोठ्या संकेतस्थळावर सुरू झालेला व्यवहार मधेच बाहेर काढून ‘खात्यावर थेट भरा’ असा निरोप आला, तर मात्र तिथेच थांबावे. फसवणुकीची ती नेहमीची रीत आहे आणि त्या संकेतस्थळाचे संरक्षणही त्या क्षणी सुटते.

मुलगा तिथेच असेल तर त्याच्या हातात आणखी एक चांगले साधन आहे. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव आणि आयबॅन जुळतात की नाही, हे पाठवणाऱ्याला सांगावे लागते. मुलाने आपल्या बँकेच्या ॲपमध्ये ते नाव आणि क्रमांक भरून पाहिले, तर शेवटचे बटण न दाबताही जुळणी कळते. भारतातून जाणाऱ्या पैशाला ही सोय नाही. इथे नाव एकाचे आणि खाते दुसऱ्याचे असले तरी पाठवणाऱ्याला आधी कोणी सावध करत नाही.

चौकशीनंतरचा भाग अटींचा आणि त्यात सर्वांत नाजूक प्रश्न व्हिसाचा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या अल्प मुदतीच्या व्हिसासाठी, मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो. म्हणजे व्हिसा मिळण्याआधी मुक्काम पक्का दाखवायचा आणि मुक्काम पक्का करायला विसार भरायचा, असा हा पेच आहे. तो सोडवण्याचा मार्ग म्हणजे पैसे पाठवण्याआधी स्पष्ट लिहून विचारणे. ‘आमचा व्हिसाचा निर्णय अमुक आठवड्यात अपेक्षित आहे. तो नाकारला गेला तर नकाराची प्रत पाठवल्यावर आपण विसार परत कराल का, की व्हिसा मिळाल्यानंतरच विसार घ्याल?’ एवढी तीन ओळींची विचारणा पुरते. शेजारच्या गल्लीतल्या एका काकांसाठी मी असेच पत्र लिहून दिले होते. मालकीणबाईंनी उत्तर दिले की तारीख मी तुमच्यासाठी राखून ठेवते, व्हिसाचे छायाचित्र आल्यावर पैसे पाठवा, आणि सोबत आरक्षणाचे सही केलेले पत्रही पाठवले. सगळेच इतके समजूतदार नसतात, पण विचारल्याशिवाय ते कळणारही नाही.

देशागणिक कायदाही बदलतो. फ्रान्समध्ये आगाऊ रकमेचे दोन प्रकार आहेत. एकात नागरी संहितेच्या १५९० व्या कलमाप्रमाणे पाहुण्याने बेत रद्द केला तर रक्कम बुडते आणि मालकाने रद्द केला तर त्याला दुप्पट परत करावी लागते; दुसऱ्यात ती पूर्ण कराराचा पहिला हप्ता समजली जाते आणि पाहुण्याने माघार घेतली तर उरलेले भाडेही मागितले जाऊ शकते. इटलीतही दुप्पट परतीची तरतूद असलेला विसार कायद्यात आहे. म्हणून पत्रात यांपैकी कोणत्या प्रकारचा शब्द वापरला आहे ते मुलाकडून वाचून घ्यावे.

आता प्रत्यक्ष पैसे कसे जातात ते पाहू. बाजारपेठेत मनी ट्रान्सफरच्या पाट्या दिसतात आणि पहिला विचार तिकडेच जातो, पण भारतात त्या योजनेतून परदेशातून आलेले पैसे फक्त घेता येतात, इथून बाहेर पाठवता येत नाहीत. आपल्याकडे अनेकांचे मुख्य खाते सहकारी बँकेत, सौहार्द संस्थेत किंवा पतसंस्थेत असते. परकीय चलनाचा परवाना नसलेल्या अशा संस्थांकडून हे काम होत नाही. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून घेतलेले कार्ड, दुकानात आणि एटीएमवर चालते, कोणाच्या खात्यावर भरणा करायला त्याचा उपयोग नाही. घरमालक पेपाल घेत असेल तर ते जरूर विचारावे, कारण तिथे आपले क्रेडिट कार्डच मागे जोडलेले असते आणि प्रश्न तिथेच मिटतो. मात्र कार्डाचा परदेशी वापर आधी सुरू करून घ्यावा लागतो, कारण नव्याने दिलेल्या कार्डांवर तो सुरुवातीला बंदच असतो. सिंगापूरशी यूपीआय २०२३ मध्ये जोडले गेले आहे आणि नेपाळसाठी एनईएफटीवर आधारलेली वेगळी योजना आहे, पण युरोपसाठी उरतो तो बँकेचा किंवा बँकेशी जोडलेल्या ऑनलाइन सेवेचा मार्ग.

हा मार्ग रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून जातो. २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने ती सुरू झाली आणि आज एका आर्थिक वर्षात प्रत्येक रहिवासी व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळात परदेशी निघालेल्या माणसाला खिशात आठ डॉलर मिळत, हे आठवले की ही सोय किती मोठी आहे ते कळते. मात्र परकीय चलनाचे काम प्रत्येक शाखेत होत नाही. खानापूर किंवा निपाणीच्या शाखेत अर्ज दिला तर तो बेळगावच्या मुख्य शाखेकडे आणि तिथून अनेकदा मुंबई किंवा बेंगळुरूच्या केंद्राकडे जातो, त्यात दिवस जातात. म्हणून कोणती शाखा स्वतः हे काम करते ते आधी फोन करून विचारावे. सोबत पॅन, पासपोर्ट, घरमालकाचे पत्र आणि ए-टू नावाचा अर्ज लागतो. त्या अर्जात पैसे पाठवण्याच्या कारणाचा सांकेतिक क्रमांक असतो. सहलीसाठी आणि खासगी भेटीसाठी तो एस ०३०६ असा आहे. मुलगा तिथे शिकतो म्हणून शिक्षणाचा क्रमांक टाकावा असे काउंटरवर कोणी सुचवले तरी तसे करू नये, कारण हा खर्च आपल्या प्रवासाचा आहे.

अर्ज भरताना घाई नको. आयबॅन चार-चार अक्षरांच्या गटांत लिहावा आणि दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून पडताळावा. पडताळणीच्या दोन आकड्यांमागे एक सुरेख गणित आहे: पहिली चार अक्षरे शेवटी नेऊन अक्षरांच्या जागी ठरलेले आकडे घातले आणि त्या लांबलचक संख्येला ९७ ने भागले, तर बाकी १ उरलीच पाहिजे. त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा दोन शेजारचे आकडे उलटसुलट झाले तर संगणक तिथेच अडवतो. पण क्रमांक गणिताने बरोबर आणि माणूस चुकीचा असेल, तर हे गणित काहीच करू शकत नाही. नावाच्या बाबतीत, जर्मन यू वर दोन टिंबे असतील तर ती बँकांच्या संदेशात जात नाहीत, त्या जागी यू आणि ई अशी दोन अक्षरे लिहितात. टिंबे नुसती गाळून टाकू नयेत. तपशिलाच्या रकान्यात आरक्षण क्रमांक, पाहुण्याचे आडनाव आणि मुक्कामाच्या तारखा घालाव्यात, नाहीतर त्या बाईंना भारतातून कोणाचे पैसे आले ते कळत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज होतात ते शुल्कावरून. आपली बँक आणि त्यांची बँक यांचा थेट संबंध नसेल तर पैसे मधल्या एखाद्या बँकेतून जातात आणि तीही आपले शुल्क घेते. ते कोणी सोसायचे याचे तीन पर्याय अर्जात असतात: सगळे पाठवणाऱ्याने, सगळे घेणाऱ्याने, किंवा वाटून. काही न सांगितले तर शाखेत बहुधा वाटून घेण्याचा पर्याय टाकला जातो. मग आपण २०० युरो पाठवतो, वाटेत काही युरो कापले जातात आणि मालकीणबाईंचे पत्र येते की रक्कम अपुरी आहे, उरलेले पाठवा. ते उरलेले दहा-पंधरा युरो पाठवायला पुन्हा पहिल्याइतकाच खर्च येतो. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या बाबतीत असेच घडले. शाखेने पर्याय विचारला नव्हता, आणि त्या वयस्कर दांपत्याला आपण कमी पैसे दिल्यासारखे वाटून अतिशय संकोच झाला. म्हणून ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा ओयूआर पर्याय स्वतः खूण करून निवडावा आणि त्याचे वेगळे किती पडतील ते आधी विचारावे.

रकमेचा हिशेब असा मांडता येतो. युरोचा भाव १०० रुपयांच्या आसपास धरला तर २०० युरो म्हणजे २०,००० रुपये. बँकेचे पाठवणी शुल्क, मधल्या बँकेचे शुल्क आणि भावातला फरक मिळून दोन-अडीच हजार सहज होतात; चलन बदलण्यावरचा जीएसटी एवढ्या रकमेला किमान दराने ४५ रुपये पडतो, तो किरकोळच आहे. खरा फटका भावात असतो, कारण बँकेचा विक्री दर बाजारभावापेक्षा किती वर आहे ते पावतीवर वेगळे लिहिलेले नसते. पाठवण्याच्या दिवशी तो दर विचारून बाजारभावाशी ताडून पाहावा. ऑनलाइन सेवेचा दर पुष्कळदा बरा असतो.

आणखी एक गोष्ट आई-वडिलांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत या योजनेतून पाठवलेल्या रकमेवर आगाऊ कर गोळा केला जात नाही, पण ही मर्यादा सगळ्या कारणांची मिळून एकच आहे. वडिलांनी त्याच वर्षी मुलाची फी आणि राहण्याचा खर्च पाठवून ती ओलांडली असेल, तर सहलीच्या विसारावर २० टक्के रक्कम वेगळी भरावी लागते. ती विवरणपत्रात वळती होते किंवा परत मिळते, पण तोवर अडकून पडते. मर्यादा प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र असल्यामुळे आईचे स्वतःचे खाते आणि पॅन असेल तर विसार तिने आपल्या पैशातून पाठवावा.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की मुलानेच तिथून पैसे भरले तर काय बिघडले? काहीच बिघडत नाही, उलट लहान रकमेसाठी तोच उत्तम मार्ग आहे: खर्च जवळजवळ शून्य, रक्कम पूर्ण पोहोचते आणि नावाची जुळणीही होते. मात्र एक विचार मनात ठेवावा. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलाला वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच त्याच्या हाती येतात. त्यात त्याचे भाडे, विमा, जेवण सगळे असते. आई-वडिलांच्या विसारापोटी त्यातले २०० युरो एकदम गेले तर तो महिना त्याला कठीण जातो आणि मुले हे घरी सांगत नाहीत. म्हणून आधी विचारावे, आणि त्याने भरले तर भेटीत ते पैसे त्याला आठवणीने द्यावेत.

जपानची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथल्या डोंगराळ वाटांवरच्या घरगुती खानावळवजा मुक्कामांत अजूनही पुष्कळ ठिकाणी रोख पैसेच चालतात, पण अनेक जण विसारही मागत नाहीत. आयबॅन तिथे नाही, येणाऱ्या परदेशी रकमेवर तिथली बँक घेणाऱ्याकडूनही शुल्क कापते, त्यामुळे छोटा विसार बँकेतून पाठवणे दोघांच्याही तोट्याचे ठरते. अशा घरांना ‘पोहोचल्यावर संपूर्ण रक्कम रोख देऊ’ असे लिहावे. मात्र बेत बदलला तर आदल्या दिवसापर्यंत न थांबता कळवावे, कारण पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे त्या रात्रीचे जेवण त्यांनी आणलेले असते.

पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्ट संदेशाची, म्हणजे एका बँकेने दुसऱ्या देशातल्या बँकेला पाठवलेल्या निरोपाची, प्रत मागून घ्यावी. त्यावर ३६ अक्षरांचा माग काढण्याचा क्रमांक असतो आणि रक्कम वाटेत अडकली तर त्याच क्रमांकाने ती कुठे आहे ते बँकेला सांगता येते. ती प्रत घरमालकाला पाठवून ‘रक्कम मिळाली’ असे दोन शब्द लेखी मागावेत. विसार परत घ्यायची वेळ आली तर मात्र मालकीणबाईंचीही पंचाईत होते, कारण भारतात आयबॅन नाही आणि त्यांच्या बँकेच्या साध्या अर्जात आपले खाते बसत नाही. त्यांना आपल्या बँकेचा स्विफ्ट कोड, शाखेचा पत्ता आणि खाते क्रमांक द्यावा लागतो, आणि परतीच्या वाटेवरही शुल्क कापले जाते. मुलाचे तिथले खाते असेल तर परतीसाठी तेच द्यावे. याच कारणाने विसार वीस टक्क्यांहून अधिक मागितला तर मी तो कमी करून घ्यायला सांगतो, आणि संपूर्ण भाडे आगाऊ मागणाऱ्या अनोळखी घराला नकार द्यायला सांगतो.

उरलेली रक्कम बहुधा पोहोचल्यावर रोख द्यायची असते. एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मोलापर्यंत परकीय नोटा बाळगता येतात, तेव्हा एवढे युरो इथूनच घेऊन जाणे अवघड नाही. नोटा ५० च्या आणि त्याहून लहान घ्याव्यात, कारण मोठी नोट खेड्यात कोणी आनंदाने घेत नाही. पैसे दिल्यावर पावती मागावी आणि तिच्यात आधी भरलेला विसार, त्याची तारीख आणि आज दिलेली रक्कम ही तिन्ही लिहून घ्यावीत.